माशांचा पंचनामा

आत्येचे पाय मी पहिल्यांदा नीट पाहिले ते ती झोपलेली असताना. मे महिन्यातली दुपार. जेवून ती पडवीत आडवी झाली होती आणि लुगडं पोटरीपर्यंत वर सरकलं होतं. बोटांच्या बेचक्यांतलं कातडं पांढरं पडून फाटलेलं. टाचांना भेगा आमच्याकडे कुणाला नसतात? पण ह्या भेगांच्या कडा काळ्या, कडक होत्या आणि आतून लस येत होती. घोट्याच्या वर खाजवून खाजवून चामड्यासारखी झालेली जागा. आणि अर्ध्या पोटरीवर एक रेघ. रेघेच्या वरचा पाय सावळा, नितळ, माझ्या बाबांच्या पायासारखा. खालचा काळपट. पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची खूण राहते ना, तशी ती रेघ. मुळे, म्हणजे शिंपले, काढताना खाडीच्या चिखलात ती जिथवर बुडते, बरोबर तिथवर.

ती जागी झाल्यावर मी विचारलं, "आत्ये, हे कधीपासून?"

तिने लुगडं खाली ओढलं. "खाडीचं हाय गो ते. खोबरेलात कापूर घालून लावतंय मी. ऱ्हातं मग."

राहत नव्हतं ते, हे तिलाही ठाऊक होतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. आत्येला ते आवडणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या काठचं गाव एवढं पुरे. घरं डोंगराच्या उताराला, खाली माडांची ओळ, मग खाजणाचा बांध, त्यापलीकडे कांदळवन आणि खाडी. खाडीच्या वरच्या अंगाला, डोंगरापलीकडे, रासायनिक कारखान्यांची वसाहत. ती दिसत नाही. रात्री त्या बाजूच्या आभाळाला पिवळट उजेड असतो आणि वारा तिकडचा असला की नाकाला कळतं.

मुळे काढणं हे बायकांचं काम. मुळे म्हणजे शिंपल्यातला जीव, चिखलात वीतभर खाली बसणारा. ओहोटीची वेळ आत्येला घड्याळात बघावी लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला पाणी पार उतरलेलं. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं हटत नाही, त्या दिवशी जाऊन उपयोग नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला मात्र खाडी लांबवर उघडी पडते आणि मग गावातल्या दहा-बारा बायका पाट्या घेऊन उतरतात. मुळा डोळ्यांना दिसत नाही, तो पायाला कळतो. चिखलात पाय रोवून हळूहळू चालायचं, तळव्याला कडक लागलं की वाकून कोपरापर्यंत हात घालायचा. म्हणजे चपला नाहीत, गमबूट नाहीत. गमबूट घातला तर मुळा कळणार कसा? लहानपणी मीही तिच्यामागून जायचे. मला दगड आणि मुळा ह्यांतला फरक पायाने कधी कळला नाही. ती हसायची, म्हणायची, "तुझे पाय शिकलेले नाय."

मुळा, तिसऱ्या, कालवं हे जीव दिवसभर पाणी गाळून जगतात. पाण्यातलं जे असेल ते आत घेतात. पाणी बरं तर त्यांचं मांस गोड. पाण्यात दुसरं काही असेल तर तेही त्यांच्या अंगात साठत जातं. मासा निदान पळतो. मुळा जिथे असतो तिथेच असतो, आणि त्याला शोधणारी बाईसुद्धा.

मी दहावीत होते तेव्हाची एक पहाट अजून डोळ्यांसमोर आहे. गणपती होऊन गेले होते. पहाटे बाहेर कुणीतरी ओरडलं, "पाणी सोडलानी!" आमच्याकडे ह्या दोन शब्दांत सगळं येतं. कुणी सोडलं, कुठलं सोडलं, विचारावं लागत नाही. आम्ही बांधावर गेलो. आधी दिसल्या कुर्ल्या. चिखलातल्या कुर्ल्या एरवी चाहूल लागली की बिळात जातात. त्या दिवशी कांदळाच्या मुळांवर, खोडांवर, बांधाच्या दगडांवर चढून बसल्या होत्या आणि जवळ गेलो तरी हलत नव्हत्या. पाण्यात श्वास उरला नाही म्हणून त्या वर आल्या होत्या. हे मला पुढे कॉलेजात समजलं. सांडपाण्यातली रसायनं आणि ती कुजवणारे जंतू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, मासे मग विषाने मरोत न मरोत, गुदमरून मरतात. उजाडलं तसे मासे दिसायला लागले. बोयटं, पालू, शेंगट्या, बोटाएवढी कोळंबी. तोंडं उघडी, पोटं वर. काही अजून वरवर येऊन हवा गिळत होते. पाण्याला तांबूस झाक होती आणि वास असा की घशात चिकटून बसावा.

साहेब लोक आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर दोन भरत्या येऊन गेल्या होत्या आणि पाणी नेहमीसारखं मातकट दिसत होतं. आमच्या वाडीतल्या एका काकांनी त्या पहाटेच कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं होतं, फडक्यात गुंडाळून, देवघराशेजारी. त्यांनी बाटली पुढे केली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरून बघितली आणि परत दिली. म्हणाले, "काका, हे चालत नाही."

खरंच चालत नाही. जल प्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून उभा राहायचा तर तो कसा घ्यायचा हे कायद्यात लिहिलेलं आहे. ज्याच्या कारखान्याचं पाणी त्याला आधी नोटीस, नमुना अधिकाऱ्याने घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सीलबंद, त्यावर सह्या. हे नियम उगाच नाहीत, खोटे नमुने कुणीही भरू नयेत म्हणून आहेत, हे मला पटतं. पण रात्री दोनला पाणी येतं तेव्हा खाडीवर असतो तो पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारा भोई. कायद्यात बसणारा माणूस तिथे नसतो. आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

पंचनामा मात्र झाला. मेलेले मासे जातवार लिहिले गेले, वजनाचा अंदाज लिहिला गेला, होड्या किती, जाळी किती, सगळं. काकांनी सही केली, माझ्या बाबांनी सही केली. त्या संध्याकाळी आत्ये आणि इतर बायकांनी बांधाच्या कडेचे कुजायला लागलेले मासे नुसत्या हातांनी पाट्यांत भरले आणि खड्डा करून पुरले, कारण दुर्गंधीने जेवण जाईना. रात्री आत्येच्या हातांवर तांदळाएवढे फोड आले. मनगटापासून कोपरापर्यंत. ती हात पाण्याच्या घागरीला लावून बसली होती, गार वाटावं म्हणून. शेजारच्या काकीचेही तसेच. त्या फोडांचा पंचनामा कुणी केला नाही. कुणी करायचा असतो, हेही तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

त्याच दिवसापासून हा विचार माझ्या मागे आहे. मासा मेला तर निदान एक कागद होतो. माणूस आजारी पडलं तर कागद होण्यासाठी समोर डॉक्टर असावा लागतो.

सरकारी हिशोबाने सपाटीवर पाच हजार वस्तीला आणि डोंगराळ भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र, तीस किंवा वीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. कागदावर आमचा नंबर लागतो. उपकेंद्राची इमारत आहे, पत्र्याच्या पडवीची. तिथली सिस्टर चार गावं सांभाळते. लसीकरणाच्या दिवशी असते, बाकी दिवशी कुठल्या गावात असेल ते फोन करून विचारायचं. आरोग्य केंद्र चौदा किलोमीटरवर, एसटी सकाळी एक आणि दुपारी एक. सकाळच्या गाडीने गेलं तर ओपीडी गाठता येते, पण मग त्या दिवसाची ओहोटी गेली. ओहोटी गेली म्हणजे त्या दिवसाचे मुळ्यांचे वाटे गेले, म्हणजे पैसे गेले. आणि एवढं करून पोचलं तर डॉक्टर मीटिंगला, नाहीतर जागाच रिकामी. केंद्रात दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं असतात, आमच्याकडे दोन्ही भरलेली मी सलग दोन वर्षं कधी पाहिली नाहीत. शिक्षणानंतर सरकारी नोकरीचं बंधपत्र लिहून दिलेले डॉक्टर येतात, वर्ष भरतात, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतात, जातात. त्यांना मी दोष देत नाही. राहायला गळकं क्वार्टर आणि रात्री एकट्याने बाळंतपण, ह्यात कोण किती दिवस काढेल?

त्यातलीच एक डॉक्टर मुलगी होती, लातूरकडची. आत्येने तिच्याबद्दल मला इतक्यांदा सांगितलं आहे की मी तिला न बघता ओळखते. बाकीच्यांनी पाय लांबूनच बघून खाजेचं मलम दिलं होतं. तिने आत्येला बाकावर बसवलं, खाली वाकून पाय हातात घेतला आणि विचारलं, "मावशी, काम काय करता?" मग विचारलं, खाडीत जाता त्या दिवशी वाढतं का? पाऊस लागून खाडीला गोडं पाणी आलं की कमी होतं का? गावात आणखी किती बायकांना आहे? आत्येने अकरा नावं सांगितली. त्या मुलीने ती केसपेपरच्या मागे लिहिली. पुढच्या बुधवारी सगळ्यांना घेऊन या म्हणाली. आत्ये सात जणींना घेऊन गेली. त्या दिवशी केंद्रावर गर्दी फार होती, तरी तिने सातही जणी तपासल्या. दोन महिन्यांनी तिचं वर्ष भरलं. केसपेपर आत्येने तांदळाच्या डब्यात जपून ठेवला होता, पण २०२१च्या जुलैत पाणी घरात शिरलं, तेव्हा डब्यासकट गेला. चिपळूण ज्या पावसात बुडालं तोच पाऊस.

आमच्या गावाला खाडीचा त्रास आहे ह्याची तेवढी एकच वैद्यकीय नोंद होती. अकरा नावं, एका कागदाच्या पाठीवर.

असा एक डॉक्टर टिकून राहिला आणि लिहीत राहिला तर काय होतं, हे कोकणाने बघितलेलं आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावसकर रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावला की शंभरातले चाळीसएक दगावत. बावसकरांनी विंचू चावलेला एकेक रुग्ण उशाशी बसून पाहिला. घाम कधी सुटतो, हातपाय गार कधी पडतात, नाडी कशी चालते, फुप्फुसात पाणी कधी भरतं, सगळं लिहून ठेवलं. १९८२ साली 'द लॅन्सेट'मध्ये त्यांचं लेखन छापून आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची वही. विंचू कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होता, माणसं पिढ्यान्‌पिढ्या मरत होती आणि सगळे म्हणत होते, नशीब. एका माणसाने लिहून काढलं तेव्हा तो आजार झाला, आणि आजार झाला तेव्हा त्याला औषध सापडलं.

त्याच बिरवाडीला लागून आज महाडची औद्योगिक वसाहत आहे आणि सावित्रीच्या पाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. इकडे लोटे परशुरामची रासायनिक वसाहत आणि दाभोळची खाडी. माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीने २०११च्या अहवालात लोट्याबद्दल लिहिलं ते मी कितीदा वाचलं असेल. कारखान्यांनी अकरा हजार लोकांना काम दिलं आणि प्रदूषणाने वीस हजार मच्छीमारांचं काम गेलं. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ ह्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात तब्बल १९१ दिवस जमावबंदीचा हुकूम लागू होता. म्हणजे चारपाच जणांनी एकत्र येऊन मेलेले मासे दाखवायचे म्हटलं तरी आधी तारीख बघायला हवी. अकरा हजार मोजले गेले, वीस हजारही मोजले गेले, निदान त्या अहवालात. त्या वीस हजारांच्या घरांतली फुप्फुसं, कातडी, मूत्रपिंडं कुणी मोजली?

हे लिहिताना आतेभावाचा चेहरा समोर येतो. तो त्याच वसाहतीत कंत्राटावर आहे. पाग टाकून घर चालेना तेव्हा गेला. घराचं छप्पर त्याच्या पगारातून झालं, त्याच्या मुलीची फी त्यातूनच जाते. संध्याकाळी तो आला की आत्ये त्याचे कामाचे कपडे घरात येऊ देत नाही, मागच्या दारी वेगळ्या बादलीत भिजवते. तेवढं पाणी अळूच्या खाचरात जाऊ नये म्हणून तिने चर खणून ते बाजूला काढलंय. अळू मरतं म्हणते. एकदा मी त्याला विचारलं, आत काय बनतं? तो म्हणाला, "मला नंबर माहितीय, नाव नाय. पिंपावर नंबर असतो." कारखाने बंद करा असं मी म्हणूच शकत नाही, माझ्याच भाचीची फी आहे त्यात. पण पाणी शुद्ध करून सोडायला पैसा लागतो, तो वाचवला जातो, आणि वाचलेल्या पैशाचं बिल आत्येच्या पायावर फाडलं जातं, हे म्हणायचा हक्क मला आहे. खाडी-समुद्रात सोडायच्या सांडपाण्यालासुद्धा नियम आहे. सांडपाणी पाण्यातला किती प्राणवायू खाईल ते सांगणारे दोन आकडे असतात: बीओडी, म्हणजे जंतूंमार्फत, लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत आणि सीओडी, म्हणजे रसायनांसकट, २५०च्या आत. नियम पाळणारेही आहेत. पण ज्या रात्री पाळला जात नाही, ती एक रात्र खाडीला पुरते.

मागच्या श्रावणात आत्येचा डावा पाय सुजला. आधी लाल, मग तापलेल्या तव्यासारखा. दोन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या रात्री थंडी वाजून ताप भरला तेव्हा भावाने १०८ला फोन केला. गाडी तालुक्याहून येणार, मधला घाट, वर पाऊस. पावणेदोन तास लागले. आत्येचं नशीब की साप चावला नव्हता. तालुक्याला सलाईन लावून पुढे पाठवलं, तिथून आणखी पुढे. मी मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाले आणि सकाळी पोचले तेव्हा ती वॉर्डाच्या टोकाला खिडकीशी होती, पाय उशांवर उंच ठेवलेला.

डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. कातडीखाली जंतुसंसर्ग पसरलाय, पायाच्या भेगांतून शिरला असणार. रक्तात साखर सापडली, तीनशेच्या वर. आत्येला साखर आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "साखरेमुळेच जखमा भरत नाहीत," ते म्हणाले. असेलही तसं. मी खाडीबद्दल सांगितलं, रेघ दाखवली. त्यांनी बघितली. "असू शकतं. पण कशावरून म्हणायचं? आधीचे काही पेपर आहेत?"

तांदळाचा डबा डोळ्यांपुढे आला. मी नाही म्हणाले.

गेल्या काही वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग आणि मग रत्नागिरी अशी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं निघाली. ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या लहानपणी कोकणातल्या माणसाला मोठा आजार म्हणजे एकतर मुंबईची गाडी, नाहीतर खाली सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना गोव्यातलं बांबोळी. आता शिकणारी मुलं इथे आहेत, त्यांना शिकवणारे आहेत. त्यांतल्या दहा मुलांना चार उधाणं आमच्या खाडीवर पाठवा. येणाऱ्या प्रत्येक बाईचे पाय बघा, फुंकायला लावून फुप्फुसं बघा, रक्त घ्या, आणि खाडी नसलेल्या वरच्या गावातल्या बायकांचंही घ्या, म्हणजे फरक असला तर दिसेल आणि नसला तरी दिसेल. नसला तर मी स्वतः येऊन गावात सांगेन. आशाताईंच्या रजिस्टरात गरोदर बाई, लस, ताप, क्षय सगळ्यांना रकाने आहेत, आणि आमची आशाताई ते रात्री बारा वाजता बसून भरते. मी तिच्याशी बोलले. ती म्हणाली, "मॅडमनी एक जास्तीचा रकाना आखून दिला तर मी भरीन की. वाडी माझीच हाय."

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाय वाचला. बाजूच्या खाटेवरच्या बाईला आत्ये मुळ्यांची आमटी कशी करायची ते सांगत होती, कोकम कधी घालायचं, शिंपला उघडला की लगेच उतरवायचं.

मी तिच्या खाटेला लावलेला पेपर काढून वाचला. नाव, वय, गाव बरोबर होतं. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: गृहिणी.

पेपर घेऊन मी खाली नोंदणीच्या खिडकीवर गेले. रांग होती, उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा आतल्या बाईंना सांगितलं, एवढं दुरुस्त करायचंय. त्या म्हणाल्या, औषधात त्याने काही फरक पडत नाही. मी म्हटलं, नाही पडत, तरी करा. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं.

"काय लिहू?"

"खाडीत मुळे काढते," मी म्हणाले. "चाळीस वर्षं."